तुळशीची हॉटेलं आणि कडूकंद

तुळशी पहिल्यांदा हॉटेलात जेवली तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती. ठाण्यातून पालघर वेगळा जिल्हा झाला ते वर्ष. तोवर हॉटेल म्हणजे तिच्या लेखी तलासरीच्या नाक्यावरची टपरी. बाजाराच्या दिवशी तिचा नवरा काकड्या तिथे उभ्या उभ्या भजी खायचा आणि ही डोक्यावर मोळी घेऊन बाहेर थांबायची. भजी कशी होती, हे तिने त्याला कधी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. काकड्या तसा वाईट माणूस नव्हे, पण बायकोलाही भूक लागते, हे त्याच्या ध्यानात यायला नेहमी थोडा वेळ लागायचा.

हॉटेलात नेलं ते मुलाने. संदीप त्यांचा एकुलता एक. सहाव्या वर्षी तुळशीने त्याला आश्रमशाळेत घातला आणि बारावी होईपर्यंत तो तिथेच राहिला. पुढे हायवेवरच्या एका ढाब्यात भांडी घासायला लागला. भांड्यांवरून भाजी चिरण्यावर आला आणि मग तव्यापाशी पोचला. तव्यापाशी पोचल्यावरचा पहिला पगार हातात पडताच तो आईला घेऊन दुसऱ्याच एका हॉटेलात गेला, कारण ज्या हॉटेलात आपण राबतो तिथे आईला गिऱ्हाईक म्हणून बसवायला त्याला लाज वाटली.

तिथे तुळशीला पहिला धक्का बसला तो खाण्याच्याही आधी. वेटर वाकून म्हणाला, "काय घेणार, मावशी?"

तिने संदीपकडे पाहिलं. मग मागे वळून पाहिलं, दुसरी कुठली मावशी बसलीय का म्हणून. हा प्रश्न तिला जन्मात कुणी विचारला नव्हता. चुलीवर असेल ते खायचं, नसेल तर पाणी पिऊन पडायचं, आणि असेल ते आधी नवऱ्याला, मग पोराला, मग आपल्याला. पन्नाशीच्या बाईला काय खाणार हे विचारायला एक परका माणूस यावा लागला, याचा मला अजून राग येतो. तुळशीला राग आला नाही. तिला घाम फुटला.

"जां असंल तां दे," ती कशीबशी म्हणाली.

"सगळंच आहे, मावशी."

हे ऐकून तर ती गारच पडली. सगळंच? एका घरात सगळंच कसं असेल? आणि मग त्यातलं आपण नेमकं काय मागायचं?

शेवटी संदीपने पनीर मागवलं. तुळशीने एक तुकडा चावला, थांबली, आणि वेटरला ऐकू जाऊ नये म्हणून पोराच्या कानाशी जाऊन म्हणाली, "यांचं दूध फाटलंय. त्याहांना सांग हळूच." संदीपला ठसका लागला. दूध मुद्दाम फाडतात, त्याचे चौकोन कापतात आणि लोक ते आवडीने खातात, हे त्याने तिला चार वेळा सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण पटलं नाही ते नाहीच. बिल त्याने तिला दाखवलं नाही, त्यामुळे तेवढा धक्का वाचला.

घरी आल्यावर काकड्याने विचारलं, "काय खाल्लंस?"

"फाटलेलां दूध," तुळशी म्हणाली. "पन मीठ बेस होतां."

तिचा निकाल हा असा असायचा. भात घरचा, नाचणी घरची, भाजी रानातली, पण मीठ बाजारातून आणावं लागायचं. त्यामुळे कुणाच्या घरी काय परिस्थिती आहे, हे तुळशी त्यांच्या कालवणातल्या मिठावरून ओळखायची. हॉटेलांनाही तिने तीच मोजपट्टी लावली.

मग हे दरवर्षीचंच झालं. संदीपला बोनस मिळाला की मायलेक निघायची, आणि हॉटेलातून बाहेर पडताना तो दरवेळी विचारायचा, "कसं होतं?" एकदा तो तिला हायवेवर गुजराती थाळी खायला घेऊन गेला. तिथे कुणी काही विचारतच नव्हतं, नुसतं वाढत होतं. ताटात टाकणं तुळशीच्या पाड्यात कुणाला ठाऊक नाही. ताटात आलं ते संपवायचं. ती संपवायची, वाढपी वाढायचा. तो वाढायचा, ती संपवायची. संदीप फोनवर बोलायला बाहेर गेला होता, तो परत येईपर्यंत तुळशीच्या कपाळावर घाम आणि डोळ्यांत पाणी होतं. "या मानसाला सांग रं," ती कळवळून म्हणाली, "मी मेलूं तर त्याच्यावर नाव येल." ताटावर आडवा हात धरला की वाढणं थांबतं, ही साधी गोष्ट तिला कुणी सांगितलीच नव्हती. त्यात डाळ गोड. डाळीत गूळ पडलाय हे कळल्यावर तिने तोंडावर हात ठेवला. कुणाच्या तरी हातून चुकून सांडला असेल, या मतावर ती घरी येईपर्यंत ठाम होती. मिठाचा निकाल त्या दिवशी लागला नाही, कारण घरी पोचल्यावर ती बोलण्याच्या अवस्थेत नव्हती.

डहाणूच्या एका जुन्या इराणी हॉटेलात तपकिरी भात आला. तिने हात लावला नाही. "करपलाय," म्हणाली. संदीपने समजावलं की साखर जाळून तो मुद्दाम तसा करतात. दूध मुद्दाम फाडायचं, भात मुद्दाम जाळायचा! शिकलेल्या लोकांना घरात कुणी ओरडत नाही का, हा तिचा प्रश्न होता. पण त्या भातावरची मटणाची डाळ तिला इतकी आवडली, की नंतर कितीतरी दिवस ती काकड्याला तिच्याबद्दल सांगत राहिली. "मीठ?" काकड्या विचारायचा. तोही आता या खेळात रमला होता. "मीठ पक्कां," ती सांगायची.

आणि चिंचणीच्या बाजूला खाल्लेला बोंबील. वरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखा, आणि काटाच नाही! तुळशीने अख्खा मासा उलटापालटा करून पाहिला. कुणीतरी बसून, खाणाऱ्याच्या आधी, त्याच्यासाठी काटा काढला होता. "खानाऱ्याला दात नाय काय?" असं ती म्हणाली खरी, पण त्या दिवशी घरी आल्यावर मिठाचा निकाल द्यायलाही विसरली. आपल्यासाठी कुणी काटा काढून ठेवावा, ही कल्पनाच तिला झेपेना.

आता कडूकंदाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरूनच घडलं.

कडूकंद रानात उकरून मिळतो. फुकट मिळतो आणि फुकट मिळतो म्हणूनच भुकेच्या दिवसांत घर त्याच्यावर तगतं. पण तो तसाच खाल्ला तर घसा सुजतो, ओकाऱ्या होतात, डोकं गरगरतं. त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राख घालून शिजवायच्या, टोपलीत भरून वाहत्या ओहोळात दगडाखाली रात्रभर ठेवायच्या, सकाळी चाखून बघायच्या, आणि जीभ चुरचुरली तर पुन्हा एक रात्र. तुळशी दहा वर्षांची असताना भूक न आवरून तिने पाण्यात न ठेवलेला कंद खाल्ला होता. दोन दिवस तिला पाण्याचा घोटही गिळता आला नव्हता.

संदीप शाळेत असताना ती रविवारी डोंगर उतरून त्याला भेटायला जायची. बहुतेक वेळा नेण्यासारखं दुसरं काही नसायचं, म्हणून ती कंद न्यायची. दोन दिवस खपून कडवटपणा काढलेला, मीठ लावून पानात बांधलेला. त्यामागचं खपणं तिने पोराला कधी दाखवलं नाही आणि सांगितलंही नाही. त्याला रान ठाऊकच होऊ नये, म्हणून तर शाळेत घातला होता. तो तव्यापाशी पोचला, त्या दिवशी तिने घरात सांगून टाकलं, "आथा या घरात कडूकंद शिजनार नाय." आणि शिजला नाही.

दोन हजार एकोणीसचा जानेवारी होता. डहाणू-तलासरीत तेव्हा जमीन हलत होती. दर काही दिवसांनी भांडी खणखणायची आणि माणसं अंगणात पळायची. रात्री कितीतरी घरं बाहेर मांडवात झोपायची. संदीप आता डहाणूला समुद्राकाठच्या एका रिसॉर्टवर मुख्य स्वयंपाकी झाला होता. रिसॉर्ट जयश्रीबाईंचं. भूकंपाच्या भीतीने पर्यटक आटले होते, म्हणून बाईंनी काहीतरी नवं काढायचं ठरवलं: वारली थाळी. पहिल्या थाळीला मुंबईहून वीसेक पाहुणे बोलावले. खाण्याबद्दल लिहिणारे, फोटो काढणारे. थाळी चालली तर संदीप तिचा कर्ता. नाही चालली तर बाईंनी त्याला आधीच स्पष्ट सांगितलं होतं, की इतकी माणसं ठेवणं त्यांना परवडणार नाही.

संदीपने आईला बोलावलं आणि पाहुण्यांच्या रांगेत खुर्चीवर बसवलं. काय काय आहे, हे मात्र सांगितलं नाही. त्याला तिला चकित करायचं होतं.

ती चकित झाली. आधी भिंतीवरची चित्रं बघून. लग्नात घरच्या भिंतीवर काढायचा चौक इथे जेवायच्या खोलीत कुणी काढला आणि लग्न कुणाचं आहे, हेच तिला कळेना. मग पानाचे द्रोण आले. नाचणीची भाकर आली, इतकी लहान की तुळशीला वाटलं ही मुलांसाठी असेल. उडदाची डाळ आली. सुक्या बोंबलाची चटणी आली. शेजारची मुंबईची बाई "वॉव" म्हणाली आणि तुळशीने तिच्याकडे टक लावून पाहिलं. बोंबलाच्या चटणीवर कुणी इतकं खूश होऊ शकतं, हे तिला नवीन होतं.

मग संदीप स्वतः बाहेर आला आणि हात जोडून म्हणाला, "आता आमच्या थाळीतला खास पदार्थ. कडूकंदाची टिक्की. लहानपणी माझी आई माझ्यासाठी हा कंद घेऊन यायची. आज ती इथे बसली आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वीस चेहरे तुळशीकडे वळले आणि तिला जमिनीत शिरावंसं वाटलं. कडूकंद! घरात दाणा नसल्याची खूण. ती तिने आयुष्यभर पदराखाली झाकून नेली, आणि पोराने ती भरल्या खोलीत खुर्चीवर उभी केली. लाजेने तिचे कान तापले. पण तो हसत तिच्याकडे बघत होता, लहानपणी चड्डीच्या खिशातून चिंचा काढून दाखवायचा तसा. म्हणून तिने टिक्कीचा तुकडा मोडला.

आत रंग पिवळा. छान पिवळाधमक.

तुळशीचा हात थांबला. ओहोळातून निघालेला कंद पिवळा नसतो. पाणी खाऊन तो फिका पडतो, लिबलिबीत होतो. तिने कण जिभेवर ठेवला. मिरची होती, दही होतं, मीठ अगदी बेताचं होतं. आणि मग त्या सगळ्याच्या खालून, चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी, तीच चुरचुर वर आली.

ती हादरली. पोराने कंद पाण्यात ठेवलाच नव्हता.

समोर वीस टिक्क्या. कुणी अजून खाल्ली नव्हती, कारण सगळे फोटो काढत होते. मोबाइलचं भलं होवो. पण एका चष्मेवाल्याचा फोटो काढून झाला होता आणि त्याने टिक्की उचलली होती. ओरडावं तर पोराची नोकरी जाते. गप्प बसावं तर ही माणसं संध्याकाळपर्यंत ओकत दवाखान्यात जातात, आणि पोर तुरुंगात. तुळशीने इतका विचार केला असेल असं मला वाटत नाही. ती खुर्ची मागे ढकलून उभी राहिली आणि पाड्यावर वाघ आल्यावर ओरडतात तशी ओरडली.

"नोको खाऊ! नोको! ठेव खाली!"

खुर्ची फरशीवर आपटली. चार-पाच पाहुण्यांना वाटलं, जमीन हलली. "भूकंप!" कुणीतरी किंचाळलं आणि अर्धी पंगत दारातून वाळूवर पळाली. चष्मेवाला टिक्की हातात घेऊनच पळाला. तुळशी त्याच्यामागे धावली आणि त्याच्या हातातून टिक्की हिसकून तिने समुद्राकडे फेकली. तो बिचारा हात वर करून उभा राहिला.

जयश्रीबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "संदीप, काय प्रकार आहे हा? तुझी आई काय करतेय?"

"कंद कडू हाय," तुळशी धापा टाकत म्हणाली. मग तिने पोराच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा भर लोकांत खोटं बोलली. "मीच दिलता. माजीच चूक झाली. धुवायचा रेहला. पोऱ्याचा काय दोष नाय."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. अडाणी म्हातारी, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं. तुळशीला ते चाललं असतं. पोराची नोकरी राहत असेल तर तिला काहीही चाललं असतं.

"नाही, मॅडम," संदीप म्हणाला. "आईने नाही दिला. गेल्या आठवड्यात आपण चव बघितली तो शेजारच्या हिरूमावशीने दिला होता, तयार केलेला. आज जास्त लागणार होता म्हणून मी रानातून आणलेला विकत घेतला आणि कुकरला लावला. सकाळी चाखला तेव्हा जीभ चुरचुरली, मला वाटलं मिरची आहे. हा कंद कसा करतात, मला माहीत नाही. मला वाटायचं नुसता उकडतात."

तुळशीला त्या दिवशीचा सर्वांत मोठा धक्का बसला तो हा. तिचा पोर, ज्याचं अर्धं अंग या कंदावर वाढलं, त्याला तो कसा करतात हे ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नव्हतं, कारण तिने सांगितलं नव्हतं. वीस माणसं मरता मरता वाचली ती तिच्याच झाकपाकीमुळे. ती तिथेच वाळूवर बसली.

चष्मेवाल्याने तिला पाणी आणून दिलं. मग तिच्यासमोर उकिडवा बसून विचारलं, "मावशी, मग हा करतात कसा?"

आणि तुळशीने सांगितलं. आधी एकेक शब्द, मग भडभडून. चकत्या, राख, ओहोळ, दगड, सकाळची चाखणी, पुन्हा पाणी. कळेल असं संदीप ते पाहुण्यांना सांगत होता. "शुक्रवारी उकरायचा," ती म्हणाली, "दोन राती पान्यात, तवां आयतवारी शाळंत न्यायला होतो." संदीपने "शुक्रवारी" एवढंच म्हटलं आणि पुढचं त्याला सांगता येईना. पाहुण्यांना वाटलं, त्याला शब्द सापडत नाही.

बाईंनी त्याला काढलं नाही. कंद थाळीतून गेला, थाळी राहिली. पण "पुन्हा अशी चूक झाली तर बघ," हे त्या म्हणाल्या, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं.

संध्याकाळी मायलेक घरी पोचली. उरलेल्या कंदांची गोणी संदीपने पाठीवरून अंगणात टाकली. काकड्याने रिवाजाप्रमाणे विचारलं, "काय खाल्लां आज?"

"काय नाय," तुळशी म्हणाली. "उपाशी आलूं."

संदीपने विळी घेतली आणि मांडवाखाली कंद सोलायला बसला. तुळशीने त्याला अडवलं नाही. इतक्या वर्षांचा नेम मोडला, तो मोडू दिला. ती शेजारी बसून त्याला चकती किती पातळ हवी ते दाखवत राहिली.

"आय," मान वर न करता संदीप म्हणाला, "एकदा तू आनलेला कंद मी फेकून दिला होता. शाळेच्या कुंपनापलीकडं. पोरं हसली म्हनून."

"ठावां हाय," तुळशी म्हणाली. "मी झाडामांगं उभी होतूं. तू आत गेल्यावर उचलला. वाटंनं खात घरी आलूं."

विळीवरचा त्याचा हात थांबला. प्रत्येक हॉटेलातून बाहेर पडताना विचारायचा तसंच त्याने विचारलं, पण अगदी हळू. "कसा होता?"

"बेस होता," ती म्हणाली. "मीठ वाईच कमी होतां. घरात तेवढांच होतां."

मग मात्र संदीप रडला. तुळशीने त्याला रडू दिलं, आणि गोणीतला पुढचा कंद त्याच्या हातात ठेवला.

"पातळ काप," ती म्हणाली. "जाड रेहला तर कडूच रेहतो."